डावी बाजू

तुम्ही खोटं बोललात, पाळकसाहेब. भरल्या मांडवात, माईकवरून बोललात. मेलेल्या माणसाची साक्ष तुम्ही त्याच्या वतीनं दिलीत, तिथपर्यंत ठीक. पण पुढं म्हणालात, "मत्तय पाटोळे एका रात्रीत नवा माणूस झाला. त्याची बायको मात्र शेवटपर्यंत विश्वासात कमी पडली." मी मागं मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होते. तुम्ही मला ओळखलं नाही. माझे केस पिकलेत, आणि तसंही तुम्ही माझ्याकडं नीट कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून झालं ते मी सांगते. तुम्ही होतातच त्यात. चुकलं तर अडवा.

शनिवार होता. मी ओट्यावर काळ्या मनुका निवडत बसले होते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन. द्राक्षाचा रस विकत आणायची आमच्या वाडीची ऐपत नव्हती, म्हणून मनुका उकळायच्या, चुरायच्या, फडक्यातून गाळायच्या. ते काम माझ्याकडं होतं. तुम्ही तुमची फटफटी लिंबाखाली लावलीत आणि सरळ ओट्यापाशी आलात.

"रिबका, मत्तय कुठाय?"

"कामावर. सोसायटीच्या गोदामाची भिंत चाललीय."

"बरं झालं. तुझ्याशीच बोलायचंय."

माझी सासू दारात लसूण सोलत होती. मी तिला आत्या म्हणायचे. ती म्हणाली, "बसा साहेब, पर जपून. खाट मोडकी हाये. गवंड्याच्या घरात भिंत तेवढी सरळ, बाकी समदं वाकडं."

तुम्ही हसलात. बसला नाहीत. "उद्या मत्तयला चर्चचा पंच करतोय. मंडळीचा ठराव झालाय. दोन वर्षं थेंबाला शिवला नाही, सात गावांत साक्ष दिली त्यानं. आता तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात."

मी हातातली मनुका सुपात टाकली.

"पंचांच्या बायका पुढच्या ओळीत बसतात. उद्यापासून तूही तिथं बसायचं. मधल्या वाटेच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी."

"मी भिंतीकडंच बसते, साहेब."

"का?"

"सवय हाये."

"सवयी सोडायच्याच असतात, बाई. नवऱ्यानं दारू सोडली, तुझ्यानं एक भिंत सुटेना?"

आत्याचा लसूण सोलणारा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली. मी मनुकांकडं.

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"त्याच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी तू उभी राहायचं आणि एवढंच म्हणायचं, 'माझा नवरा नवा माणूस झाला आहे. मी त्याला मनापासून क्षमा केली आहे.' बस. पाठ कर."

"मला चारचौघांत बोलता येत नाही."

"देव बोलायला लावील." तुम्ही फटफटीला लाथ मारलीत. "आणि हे बघ, उद्या तू गप्प राहिलीस तर त्याचं तोंड काळं होईल. माणूस अशानं परत फिरतो. मग त्याचं पाप कुणाच्या माथी?"

तुम्ही गेलात. ते वाक्य मात्र ओट्यावर ठेवून गेलात. माणूस अशानं परत फिरतो.

मत्तय प्यायचा तेव्हा मी काय काय शिकले होते ते इथं सांगायला हवं. तो वळणावर आला की त्याच्या वहाणांच्या आवाजावरून कळायचं, आज किती झालीय. मग पोराला आत्याच्या गोधडीत घालायचं. मागच्या दाराची कडी काढून ठेवायची. पाटा-वरवंटा, कोयता, फळी, सगळं त्याच्या हाताला लागणार नाही असं ढकलून द्यायचं. जेवायला वाढताना डावी बाजू भिंतीला लावून बसायचं, कारण त्याचा उजवा हात तिकडनंच यायचा. दारू सुटून दोन वर्षं झाली होती. पोरगा तालुक्याला बोर्डिंगात शिकत होता. आणि मी अजूनही झोपताना मागच्या दाराची कडी काढत होते. कुत्री शिरायची, तरी काढत होते.

मत्तय खरंच पीत नव्हता, हे मी अमान्य करत नाही. पगार घरी येत होता. पहाटे उठून प्रार्थना करायचा. घरात थट्टासुद्धा करायला लागला होता. माणसं आली की जुन्या चालीनं म्हणायचा, "आमच्या मंडळीनं चहा टाकलाय, थांबा जरा." मंडळी म्हणजे मी. लग्न झालं तेव्हा असंच म्हणायचा. मधली वर्षं तो शब्द गेला होता, मला दुसऱ्याच शब्दांनी हाका होत्या. दारूबरोबर त्या गेल्या आणि हा परत आला.

आणि त्याची साक्ष. ती मला तोंडपाठ झाली होती. तुम्हीच ती घासून-पुसून दिली होती. आधी हसवायचं, मग रडवायचं. नशेत तो एकदा दुसऱ्याच्याच घरात शिरून भाकरी मागत बसला, तिथं सगळे हसायचे. "घरी आलो की बायकोला दोन ठेवून द्यायचो," तिथंही हसायचे, जरा कमी. मग त्या एका रात्री तो तुमच्या दारात कसा येऊन पडला, तुम्ही त्याच्यासाठी कशी प्रार्थना केली आणि पुढच्या रविवारी त्यानं चर्चमध्ये उभं राहून सगळ्या मंडळीची माफी कशी मागितली. तिथं बायका डोळ्याला पदर लावायच्या. माफी मागितली तेव्हा सगळ्या मंडळीनं हात वर करून त्याला माफ केलं होतं. भिंतीकडं बसून मीही केला होता वर. सगळ्यांचे वर असताना एकटीचा खाली कसा ठेवणार?

शनिवारी संध्याकाळी मत्तय कामावरून आला. चुन्या-सिमेंटनं हात पांढरे. तुम्ही येऊन गेल्याचं त्याला वाटेतच कळलं होतं. तो खुशीत होता.

"साहेब म्हणाले, तू बोलणार उद्या?"

मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होते.

"बोलशील ना?"

"बघू."

"बघू काय? चार शब्द तर हायेत." आवाज चढला नव्हता. त्यानं फक्त विचारलं होतं. पण माझ्या हातातली भाकरी फाटली.

आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "तिला दमानं घिऊ दे. तुला पंच व्हायचंय, तिला का व्हायचंय?"

"तू गप गं आये. माझ्या चांगल्या कामात तुझं नेहमी आडवं."

"आडवं न्हाई, उभंच सांगते. हिला भितीकडनं हालवू नगा."

"भिंतीत काय सोनं पुरलंय?"

आत्या माझ्याकडं बघून गप्प झाली. मी डोळ्यांनीच तिला नको म्हटलं होतं. तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं ते, आणि मला ते कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर मत्तयनं त्याचीही साक्ष केली असती.

रविवारी पांढरं पातळ नेसले. प्रभुभोजनाला आमच्याकडं बायका पांढरंच नेसतात. चर्चमध्ये बायकांची बाजू डावीकडं, पुरुषांची उजवीकडं, मधून वाट. मी आपली सवयीनं भिंतीकडं निघाले, तर तुम्ही वेदीवरून बोट दाखवलंत. सगळ्या माना वळल्या. मी वळून पुढं गेले, ओळीच्या कडेला सतरंजीवर बसले. माझ्या डाव्या अंगाला इस्तेरबाई, जुन्या पंचांची बायको.

ती म्हणाली असावी काहीतरी, कारण तिनं मला कोपर मारलं. मी मान पूर्ण वळवली.

"ऐकू येतंय का म्हटलं! किती वेळची म्हणतेय, सरक. आत्तापासनंच पंचीणबाईचा तोरा का?"

मी सरकले.

पाठीमागं भरलेलं चर्च आणि डावीकडं भिंत नाही. मला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटत होतं. गीत कुठलं म्हटलं, तुम्ही उपदेश कशावर केलात, काही विचारू नका. मी ते वाक्य आत घोळवत होते. माझा नवरा नवा माणूस झाला आहे. इथवर मला जमत होतं. पुढच्या अर्ध्यापाशी गाडी अडायची. मी त्याला मनापासून. मनापासून काय?

"रिबकाबाई."

मी उभी राहिले. मत्तय वेदीपुढं गुडघे टेकून होता, कडक इस्त्री केलेला सदरा घालून. त्याच्या मानेवर एक चुन्याचा ठिपका राहिला होता.

"माझा नवरा," मी म्हटलं, "नवा माणूस झाला आहे."

मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. मी थांबले. मत्तयची मान हलली नाही, पण पाठ ताठ झालेली मला दिसली. मी ती पाठ ओळखत होते. तशी झाली की पुढं काय व्हायचं तेही.

"आणि?" तुम्ही म्हणालात, हळूच, पोराला कविता आठवून देतात तसं. "मी त्याला..."

"मी त्याला मनापासून क्षमा केली आहे," मी एका दमात बोलून टाकलं आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. तुम्ही हात ठेवलेत. मत्तय पंच झाला.

मग प्रभुभोजन. आपल्याकडं तेव्हा एकच मोठा प्याला होता, चांदीचा मुलामा दिलेला. पंचानं तो ओळीनं प्रत्येकाच्या ओठाला लावायचा, कडा फडक्यानं पुसायची, पुढं सरकायचं. सुरुवात भिंतीकडून, शेवट मधल्या वाटेशी. तुम्ही त्या दिवशी मुद्दाम तो नव्या पंचाच्या हातात दिलात. एकेकाळचा दारुडा प्याला घेऊन फिरतोय, हे लोकांना दिसायला हवं होतं ना तुम्हाला? दिसलं.

आम्ही गुडघ्यांवर होतो. मान खाली, डोळे मिटलेले. मी ऐकत होते तो कुठवर आलाय ते. पण मला डावीकडनं काही ऐकू येत नव्हतं. ना पावलं, ना इस्तेरबाईचा घोट, ना त्याचा श्वास. मी डोळे उघडले ते सिमेंटचा वास आला म्हणून.

त्याचा उजवा हात माझ्या तोंडाशी होता.

पुढचं मी केलं नाही. माझ्या हातानं केलं. डावा हात कोपरात वाकून कानावर गेला, मान खांद्यात शिरली आणि तोंडातून जो आवाज निघाला तो दोन वर्षांपूर्वीचा होता. प्याला उडाला. घणघणत मधल्या वाटेनं पार दारापर्यंत गेला. मीच मनुका गाळून केलेला रस माझ्या पांढऱ्या पातळावर, इस्तेरबाईच्या मांडीवर, मत्तयच्या सदऱ्यावर.

कुणी हललं नाही. माझा हात अजून कानावरच होता. तो खाली घ्यायचा आहे हे मला कळत होतं, पण घेता येत नव्हता.

मत्तय माझ्याकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो शुद्धीत ते बघत होता. मार खाताना मी कशी दिसते, ते.

आणि तुम्ही काय म्हणालात, साहेब? आठवतं? मला शब्दन्‌शब्द आठवतो. "बाई, मनात पाप धरून प्रभूच्या प्याल्यापुढं यायचं नसतं. तू आता उभी राहून क्षमा केली म्हणालीस. हीच का तुझी क्षमा?"

मत्तयनं गळ्यातलं पुसायचं फडकं काढलं, घडी करून माझ्यापुढं ठेवलं आणि चर्चमधून चालता झाला.

माझी दुपार कशी गेली ते मलाच माहीत. माणूस अशानं परत फिरतो. वाडीच्या खालच्या अंगाला गुत्ता होता, दोन वर्षांत तो कुठं गेला नव्हता. मी डागाळलेलं पातळ तसंच नेसून बसले. भाकरी केली नाही. मागच्या दाराची कडी काढली. कोयता फळीखाली ढकलला. वरवंटा उचलून परड्यात नेऊन ठेवला.

आत्या सगळं बघत होती. "त्यो इथं येईल तवा मी पुढं हुईन," ती म्हणाली.

"तुमच्यानं उभं राहवत नाही, पुढं काय होताय!"

"बसून हुईन की. म्हातारीला वलांडायला त्याला येळ लागंल. तेवढ्यात तू पळ."

हसू आलं दोघींना. तसंच, दातखिळी बसल्यासारखं.

दिवेलागणीला वहाणा वाजल्या. मी उजवा कान दाराकडं केला. आवाजावरून अंदाज लागेना. झिंगलेला नव्हता, पण रोजचाही नव्हता. पाय ओढत येत होता. ओट्यापाशी थांबला. माझा हात मागच्या दाराच्या फळीवर होता.

"मी आत येऊ का?" तो म्हणाला.

त्या घरात येताना त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. घर त्यानं स्वतः बांधलेलं.

आत्या म्हणाली, "पिऊन आलायस?"

"नाही."

"गुत्त्यावर गेला व्हतास का?"

त्यानं वहाणा काढल्या. मग, "गेलो होतो. बाहेरच्या दगडावर बसलो. दोघांनी बोलावलं. आत नाही गेलो."

मी तोंडाचा वास येण्याइतकी जवळ गेले नाही. पण तो दारातल्या उजेडात आला तेव्हा सदऱ्यावर मनुकांचा डाग तेवढा दिसला. तो उंबऱ्याच्या बाहेरच, ओट्याच्या कडेला बसला. माझ्याकडं पाठ करून.

"आये, एक विचारतो. खरं सांग. हिचं त्या भिंतीशी काय हाये?"

मी म्हटलं, "आत्या, नको."

"का नगं? माझ्या मढ्याबरुबर न्यायचंय का मी?" म्हातारी भडकली. "तिला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, मुडद्या! तू शिमग्याच्या आदल्या दिशी हाणली व्हतीस ना, तवापासनं. रगात आलं व्हतं. मीच तेल सोडलं त्यात आन अजून वाटुळं केलं. भितीकडं बसली की ती बाजू झाकते, म्हणून बसते. कळलं?"

मत्तय हलला नाही. तसाच पाठमोरा म्हणाला, "मी डावीकडनं हाक मारायचो. ही बोलायची नाही. मला वाटायचं, अजून रुसलीय. मी देवापाशी तक्रार करायचो हिची. म्हणायचो, मी एवढा बदललो, हिचं मन बदल."

"बदल म्हणे," आत्या पुटपुटली.

"तुम्ही माफी मागितलीत की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "भर चर्चमध्ये. मी होते तिथं."

"कुणाची मागितली?"

"मंडळीची."

"साहेबांनी तेच सांगितलं होतं. त्यांच्या घरात, त्या रात्री. मंडळीची माफी माग, मंडळीनं माफ केलं की देवानं केलं." तो अजून अंधाराकडंच बघत होता. "मी मागितली. सगळ्या गावाची मागितली. ज्यांच्या अंगाला मी कधी बोट लावलं नाही त्यांची मागितली."

मग मी ते सांगितलं, जे आत्यालाही सांगितलं नव्हतं. "त्या रात्री मी तुम्हाला शोधत साहेबांच्या दारात आले होते. पडवीत उभी होते. साहेब 'मंडळीची माफी माग' म्हणाले ते उजव्या कानानं नीट ऐकलं मी. मला वाटलं, म्हणजे माझी. तुम्ही लग्नात मला तेच म्हणायचा ना? मी पळत घरी आले. तोंड धुतलं, केस विंचरले, बसले वाट बघत. तुम्ही आलात आणि झोपलात. म्हटलं, लाजत असतील, उद्या मागतील. रविवारी तुम्ही चर्चमध्ये उभे राहिलात तेव्हा कळलं, मंडळी ती नव्हे."

आत्यानं पदर तोंडात कोंबला.

मत्तय वळला. वळला, पण उठला नाही, जवळ आला नाही. दोन्ही हात त्यानं ओट्यावर पालथे ठेवले, मला दिसतील असे, आणि म्हणाला, "मंडळी, माझं चुकलं."

बाकी काही म्हणाला नाही. देवाचं नाव घेतलं नाही, रडला नाही. साक्षीत रडायच्या जागी तो हमखास रडायचा. तिथं नाही रडला.

तुमच्या मांडवातल्या गोष्टीत असतं तर मी तिथं धावत जाऊन त्याचे हात धरले असते. मी म्हटलं, "आज नाही."

"मग कधी?"

"मला काय माहीत? ह्या हाताला विचारा." मी डावा हात वर केला. "सकाळी मी माफ केलं म्हणाले होते. यानं ऐकलं का?"

त्यानं मान डोलावली. जेवण नव्हतंच. त्यानं चूल पेटवून पिठलं टाकलं. खारट झालं. आत्या म्हणाली, "भिंतच बांध बाबा तू." आम्ही तिघांनी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तो तुमच्याकडं आला होता, साहेब. मी होते सोबत, पण बाहेर, तुमच्या पडवीत. तो म्हणाला, "मला पंच नको. एका मंडळीची माफी अजून व्हायचीय." तुम्ही हसलात. मला उजव्या कानानं ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "घरातली भानगड घरात मिटव. चर्चच्या कामात बायकोला कशाला आणतोस?" आदल्या दिवशी मला वेदीपुढं उभं तुम्हीच केलं होतं. तरी हे म्हणालात.

त्यानंतर त्यानं साक्ष दिली नाही. तुम्ही बोलावलंत, तो गेला नाही. तुम्ही लोकांना सांगितलंत, मत्तय थंड पडला. तो थंड पडला नव्हता. तो घरी दुसरंच शिकत होता. वळणावर आला की खोकायचा. दारात उभा राहून "मी आलोय" म्हणायचा. काही द्यायचं तर वळसा घालून माझ्या उजवीकडनं यायचा आणि ताट खाली ठेवून हात मागं घ्यायचा. वाडीतली पोरं त्याची नक्कल करायची, खोकून दाखवायची. त्यानं खोकायचं सोडलं नाही. भांडायचाही, हो. डोकं फिरायचं त्याचं. मग दोन्ही हात पाठीमागं धरून अंगणात जाऊन भांडायचा, आणि मी आतून. आत्या मधे बसून दोघांना शिव्या द्यायची.

किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. आत्या गेली. पोराचं लग्न झालं. एका सकाळी मी सुनेला पाठवायच्या कुरडया उन्हात मांडत होते, भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध. चहाचा वास आला म्हणून बघितलं तर माझ्या डाव्या गुडघ्याशी कप ठेवलेला. त्याच्यापाठोपाठ सिमेंटनं चिरा पडलेला हात मागं जात होता. तो डावीकडनं आला होता. विसरला होता बिचारा. आणि माझा हात कुरडईवरच होता. उठलाच नव्हता.

त्यालाही ते तेव्हाच कळलं. चेहरा असा झाला, जणू प्याला परत सांडला. मी काही बोलले नाही. कप उचलला, बशीत ओतला आणि अर्धा त्याच्यापुढं केला. तो तिथंच मातीत माझ्या डाव्या बाजूला बसला. त्या रात्री मी मागच्या दाराला कडी घातली.

तो गेला तोवर घालत होते. आताही घालते.

हे आहे, साहेब, मत्तय पाटोळेचं नवं होणं. तुमच्या एका रात्रीत ते बसत नाही, म्हणून तुम्ही ते कापून टाकलं आणि उरलं ते माझ्या नावावर चढवलंत. मी प्रभूला मानते. तो बदलतो माणसाला हे मी माझ्या ह्या हातानं बघितलंय, तुम्ही बघितलंय का? तो घाई करत नाही. तुम्हाला घाई होती.

तुम्ही आता मोठे झालात, मांडव मोठे झाले. पुढच्या मांडवात तुम्ही हीच गोष्ट सांगाल. सांगा. पण त्याआधी मला एक सांगा, माईकशिवाय, माझ्या तोंडाकडं बघून. उजव्या कानाशी या आणि सांगा. त्या रात्री तुम्ही माझ्या नवऱ्याला "मंडळीची माफी माग" म्हणालात, तेव्हा त्या मंडळीत मी होते की नव्हते?